पान एकोणीस

आयरिस लुंडक्विस्टच्या पत्राला ऑल्डन व्होरीसने उत्तर दिलं नव्हतं, त्याला आता एकेचाळीस वर्षं झाली होती.

तेव्हा तो न्यू जर्सीतल्या एका लहानशा कारखान्यात कामाला होता. रेल्वे स्टेशनामागच्या शेडमध्ये 'लिटल पाँडर' नावाचा खेळण्यातला संगणक तयार व्हायचा. त्याला वीज लागत नसे. लाल प्लॅस्टिकच्या तीन पट्ट्या, समोर तीन खिडक्या, प्रत्येक खिडकीत शून्य किंवा एक. खुंट्यांवर पांढऱ्या नळ्या बसवायच्या आणि दांडा ढकलायचा, की पट्ट्या खटकन सरकून पुढचा आकडा यायचा. तीन खिडक्यांत सातापर्यंतच मोजता येतं. तिन्हीकडे एक आला की सात, मग पुन्हा शून्य. आठाला जागाच नसते.

सोबतचं पुस्तक ऑल्डनने लिहिलं होतं, आणि मुलांच्या पत्रांना उत्तरंही तोच द्यायचा. चारचौघांत त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे, पण कंपनीच्या निळ्या कार्डांवर तो मोकळा व्हायचा. एक नियम त्याने स्वतःच घालून घेतला होता: मुलाने लावल्यात तशाच नळ्या आधी आपल्या यंत्रावर लावायच्या, दांडा ढकलून बघायचा, मगच लिहायचं.

पान एकोणीसवर त्याची चूक झाली होती. आकृतीत एक नळी जास्तीची पडली. तशी मांडणी केली तर यंत्र सातावर अडकायचं. दुरुस्तीची चिठ्ठी छापून होईपर्यंत चारशे खोकी दुकानांत पोचलीही होती. तक्रारी आल्या. ऑल्डनने ओशाळून सगळ्यांना एकच ओळ लिहिली: 'तिसरी नळी काढ. चूक माझी आहे.'

आयरिसचं यंत्र मात्र अडकलं नव्हतं. मिनेसोटाहून तिने पेन्सिलीने लिहिलं होतं:

'मी नऊ वर्षांची आहे. सातानंतर मी दांडा ढकलला, तर तो आत गेला. आता मधल्या खिडकीत ना शून्य आहे, ना एक. तिथे एक खोली आहे. एक म्हातारा पेअर खातोय. त्याच्या करड्या स्वेटरला तीन बटणं काळी आहेत आणि एक लाल. मागे एक बाई हसतेय. माझा भाऊ म्हणतो, पुन्हा ढकललंस तर ते जातील. तुमचं उत्तर येईपर्यंत मी ढकलणार नाही.'

ऑल्डनने नियमाप्रमाणे नळ्या लावल्या. सात वेळा दांडा ढकलला. आठव्यांदा ढकलायला त्याचा हात धजेना. आपलंच काहीतरी चुकत असेल, उद्या बघू, असं म्हणून त्याने पत्र खणात ठेवलं. पुढे कारखाना बंद पडला आणि ते पत्र, यंत्र, पुस्तक आणि उरलेल्या निळ्या कार्डांसकट, एका खोक्यातून घरी आलं.

एकेचाळीस वर्षांनंतरची, ऑक्टोबरातली दुपार होती. स्वयंपाकघरात ऊन आलं होतं. त्याची बायको हेस्टर त्याचा स्वेटर मांडीवर घेऊन बसली होती.

"काळं बटण सापडत नाहीये. लाल लावू? चालेल?"

"चालेल की."

"लग्नाचं विचारलं तेव्हाही असंच म्हणाला होतास. चालेल की."

"चाललं ना मग?"

तिने दाताने दोरा तोडला आणि स्वेटर त्याच्या अंगावर टाकला. तो घालून ऑल्डनने पेअर चिरला. फळ गोड होतं. आपल्यासारख्या माणसाला हे सगळं जरा जास्तच मिळालं, असं त्याला नेहमी वाटे, तसं आताही वाटलं.

दुसरी फोड तोंडाशी नेताना त्याची नजर बटणांवर गेली.

त्याने खोकं काढलं. पत्र तिला वाचून दाखवलं. हेस्टर खळखळून हसली.

"म्हणजे ती बाई मी होय? बरी दिसत असेन ना?" मग तिने चष्मा वर केला. "एकेचाळीस वर्षं पोरीला ताटकळत ठेवलंस? तीन हजार मुलांना उत्तरं दिलीस, हिनेच काय घोडं मारलं होतं?"

"ती आता पन्नाशीची असेल."

"मग तर आजच लिही."

आणि तिने दांडा ढकलला तर? भाऊ म्हणाला तसे खिडकीतले दोघं जातील, असं ऑल्डनच्या मनात आलं.

ती बागेत गेल्यावर त्याने पान एकोणीस उघडलं. नळ्या पिवळ्या पडल्या होत्या, पण बसल्या. सात वेळा ढकललं. तिन्ही खिडक्यांत एक.

आठव्यांदा दांडा आत गेला. अगदी अलगद.

मधली खिडकी नखाएवढी होती. त्याने डोळा जवळ नेला.

एक टेबल. वाडग्यातल्या लापशीतून वाफ निघत होती. दोन वेण्यांची मुलगी त्याच्याकडेच बघत होती. नऊ वर्षांचीच.

तिचं बोट दांड्यावर होतं. बोटाचं टोक दाबून दाबून पांढरं पडलं होतं.

ऑल्डनने निळं कार्ड घेतलं. 'कधीच ढकलू नकोस,' असं लिहिलं. बाहेर हेस्टर गुणगुणत पानं गोळा करत होती. तो बराच वेळ ऐकत राहिला.

मग त्याने कार्ड फाडलं.

दुसऱ्यावर लिहिलं: 'प्रिय आयरिस, तुझं काहीच चुकलं नाही. तिसरी नळी काढ. चूक माझी आहे. खूप वेळ थांबलीस. आता ढकल.'

"टपालपेटीपर्यंत चाललायस तर येताना दूध आण," हेस्टर कुंपणाशी म्हणाली.

"आणतो."

कोपऱ्यावरच्या निळ्या टपालपेटीचं झाकण त्याने ओढलं. कार्ड घातलेलं, पत्रावरचाच पत्ता लिहिलेलं पाकीट आत सोडलं.

तळाशी पडल्याचा आवाज आला नाही. एक खटका तेवढा ऐकू आला, हलका, प्लॅस्टिकचा.

वारा होता, म्हणून तो स्वेटरची बटणं लावू लागला. एक, दोन, तीन, चार.

चारही बटणं काळी होती. चारहींचा दोरा सारखाच जुना, नवा टाका कुठेच नव्हता.

बागेतलं गुणगुणणं इथपर्यंत ऐकू येत होतं मघाशी; आता थांबलं होतं. घराकडे पाठ करून, ऑल्डन ते पुन्हा सुरू होण्याची वाट बघत उभा राहिला.