कालव्यापलीकडची ओ

कालव्याचं पाणी दिवेलागणीपर्यंत येईल असा निरोप होता, म्हणून चिमाजी फावडं खांद्यावर टाकून वावराकडे निघाला. दुसऱ्या हातात चहाची किटली होती. ती शेडमधल्या पोरांसाठी.

मखमलाबादच्या त्या मळ्यात टोमॅटोचे क्रेट ठेवायची पत्र्याची लांबट शेड होती. चिमाजीच्या नातीने, शुभांगीने, क्रेट एका बाजूला रचून, भिंतींना गोणपाटं टांगून तिथं आपला बँड बसवला होता. गिटारवर ललित, ड्रमवर यशोधन, बेसवर इरा. तिघंही शहरातली. गाणारी शुभांगी. मेलोडिक पंक म्हणतात म्हणे त्या प्रकाराला. बँडचं नाव ‘फावडं’. चिमाजीला आधी वाटलं, पोरं थट्टा करतात. शुभांगी म्हणाली, “तुमच्याच खांद्यावरचं उचललंय, आबा.”

सुरुवातीला त्याला नुसती आदळआपट ऐकू यायची. शेजारच्या मळ्यातली सरुबाई बांधावरून विचारायची, आबा, शेडात रानडुक्कर कोंडलंय का. पण रोज बांधावर बसून ऐकता ऐकता त्याला उमगलं, की त्या गोंगाटाच्या पोटात एक साधी, गोड चाल आहे. आणि सगळ्यांच्या वर शुभांगीचा गळा. माईक बंद पडला तरी तो गळा कालवा ओलांडून जायचा.

तो गळा आजीचा होता. चिमाजीची बायको नवसाबाई, जाऊन दोन उन्हाळे झाले होते. विजेच्या मोटारी आणि मोबाइल नव्हते तेव्हा पाणी आवाजावर चालायचं. नवसाबाई कालव्याच्या पलीकडच्या काठावर पाण्याचं दार उघडायला उभी राहायची, चिमाजी खाली वावरात फावडं घेऊन. पाणी सुटलं की ती हाक मारायची, “आलंऽऽ”. मग चिमाजीने ओ द्यायची, “होऽऽ”, आणि वावरात पाणी नेणारा दांड फोडायचा. चिमाजीचा आवाज जन्मापासून बारीक. चार हात लांब उभ्या माणसालाही तो नीट ऐकू जात नसे. पण नवसाबाईला ऐकू जायचा. कसा, ते तिलाच ठाऊक.

तिचा एक नेम होता. हाक तीनदा मारायची, आणि ओ तिसऱ्या हाकेलाच द्यायची. ती सांगायची, माणूस असलं तर तिसऱ्यांदा हाक मारतं. दुसरं काही असलं तर दोनदाच. आणि दोन हाकांवर ओ दिली, की दिलेली ओ तिकडंच राहते. चिमाजीने तो नेम कधी मोडला नाही. भीतीपोटी नव्हे, तिने सांगितलं होतं म्हणून.

शुभांगीने आजीच्या त्या हाकेवरून गाणं बांधलं होतं. पाण्याची वाट बघणाऱ्या बाईचं गाणं. मध्येच सगळी वाद्यं एकदम थांबायची आणि शुभांगी पोटातून हाक मारायची, “आलंऽऽ”. लोकांनी समोरून “होऽऽ” म्हणायचं. आधी हाक तीनदाच होती. पण यशोधन म्हणाला, तीनदा मारली की गाणं ढिलं पडतं, दोनदाच ठेवू. मग ती दोनदाच ठेवली.

चिमाजीने किटली ठेवता ठेवता हळूच म्हणून बघितलं होतं, “तिसरी ठेव गं, शुभे.”

“आबा, ताल मोडतो,” ती हसून म्हणाली होती. गोष्ट तिथंच राहिली.

तर त्या दिवशी चिमाजी शेडच्या दाराशी पोचला तेव्हा तेच गाणं चाललं होतं. बाहेर थंडी उतरत होती. कोथिंबिरीचा वास जमिनीलगत बसला होता. वाद्यं थांबली. शुभांगीने हाक मारली. एकदा. दुसऱ्यांदा. मग ती ठरलेली शांतता आली, जिच्यात एरवी पत्र्याची कुरकुर तेवढी ऐकू यायची.

आणि कालव्यापलीकडून ओ आली.

“होऽऽ…”

लांबट, भरलेली, शेवटाला किंचित फाटून वर गेलेली.

यशोधनच्या हातातली ड्रमची काडी तशीच राहिली. ललित म्हणाला, पत्र्यांमुळे घुमत असेल. इराने त्याच्याकडे बघितलं. “घुमलं तर ‘आलं’ परत येईल. ‘हो’ कसं येईल?” मग पोरं हसली, पलीकडे कुणीतरी टवाळी करतंय असं ठरवून चहा प्यायली. चिमाजीने पलीकडे बघितलं. पलीकडचं वावर केव्हाच विकलं गेलं होतं. तिथं प्लॉटचे सिमेंटचे खुंट आणि गवत, दुसरं काही नव्हतं. आणि शेवटाला तसा फाटून वर जाणारा आवाज साऱ्या पंचक्रोशीत एकट्या नवसाबाईचा होता.

त्याला भीती वाटली नाही. त्याला वाटलं, जन्मभर हाक मारली हिने, आता ओ देते आहे. पोरीचं ऐकते आहे. एवढंच.

मग शुभांगीचा घसा बसला. आधी थंडीने बसला म्हणाले. काढे झाले, वाफा झाल्या. शेवटी तिचा बाप खंडेराव ओझरच्या कारखान्यातून सुट्टी काढून तिला शहरातल्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. स्वरयंत्राच्या पडद्यावर गाठ निघाली. साधी होती, पण काढायला हवी होती. डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं, की आवाज येईल, मात्र पहिल्यासारखा येईल की नाही ते सांगता यायचं नाही. आणि ऑपरेशननंतर मी सांगेपर्यंत एक शब्द काढायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. जोर लावलास तर उरलंसुरलंही जाईल.

घरी आल्यावर शुभांगीने चिमाजीला एकच विचारलं, बसक्या आवाजात. “आबा, नाहीच आला तर मी कोण?”

त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि बराच वेळ काढला नाही.

ऑपरेशन झालं. शुभांगी घरी आली ती गळ्याला मफलर गुंडाळून, मुकी. बोलायचं झालं की मोबाइलवर लिहून दाखवायची. चिमाजीला वाचायला वेळ लागायचा, तोवर ती थांबायची. शेडला कुलूप होतं. संध्याकाळी दोघं शेडच्या बाहेर क्रेट पालथे घालून बसायची. तिला बोलता येत नव्हतं, त्याला फारसं बोलायची सवय नव्हती. जमून जायचं.

अशीच एक संध्याकाळ. कालवा कोरडा होता, पाण्याला अजून बराच अवकाश होता. सरुबाईच्या घराचा दिवा लागला. कुठं पाखरू नाही, कुत्रं नाही. आणि एकाएकी मशेरीचा वास आला, नुकत्या भाजलेल्या मशेरीचा. नवसाबाई गेल्यापासून त्या मळ्यात मशेरी कुणी भाजली नव्हती.

मग पलीकडून हाक आली.

“आलंऽऽ…”

चिमाजीने कान टवकारले. हा नवसाबाईचा आवाज नव्हता. हा शुभांगीचा होता. शेडमध्ये घुमायचा तोच, पोटातून उठलेला, कडेला थोडी खरखर असलेला. त्याने शेजारी बघितलं. शुभांगी तिथंच होती. ओठ मिटलेले, डोळे कालव्याकडे लागलेले. मोबाइल तिच्या मांडीवर काळाठिक्कर पडला होता.

“आलंऽऽ…”

दुसरी हाक. ही जवळून आली, कालव्याच्या काठावरून.

चिमाजी तिसरीची वाट बघत राहिला. तिसरी आली नाही. गवत हललं नाही. ती शांतता तीच होती, गाण्यातली, कुणीतरी ओ द्यावी म्हणून मोकळी सोडलेली.

शुभांगी उठली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आपलाच आवाज पलीकडे उभा राहून आपल्याला बोलावतोय, मग कोण थांबेल? तिने छाती भरून श्वास घेतला. तिचा गळा फुगलेला चिमाजीला मफलरमधूनही दिसला.

त्याने तिच्या तोंडावर हात ठेवला. मातीने भेगाळलेला हात.

“तू नको,” तो म्हणाला. “मी हाय ना.”

आणि जन्मात पहिल्यांदा, तिसऱ्या हाकेची वाट न बघता त्याने ओ दिली. होता नव्हता तेवढा जीव लावून दिली.

“होऽऽ…”

बारीक, कापरी ओ. बांधापर्यंत तरी पोचली असेल का, कोण जाणे. मग तो हळू बोलला, समोर बायको बसली आहे असं. “नवसे, पोरीचं पोरीला दे गं. लय लहान हाय ती अजून. माझं काय… मला कुठं बोलायचंय.”

बराच वेळ काही झालं नाही. मग त्यांच्या पायांशी, कोरड्या दांडातून, पाणी सरपटत आलं. थंडगार. वाळकी पानं पुढं ढकलत आलं आणि टोमॅटोच्या सरीत शिरलं. दोघं एकमेकांना धरून बघत राहिली. सकाळी सरुबाईने विचारलं, कालव्यात थेंब नाही आन् आबा, तुमची सरी ओली कशी? चिमाजीने काहीतरी सांगितलं. तिला ऐकू गेलं नाही. तिने पुन्हा विचारलं.

त्या दिवसापासून हे वाढतच गेलं. चिमाजी बोलायचा आणि माणसं कान पुढं करायची. सरुबाई म्हणाली, “आबा, तुमचं बोलणं आता नुसतं ओठांचं उरलंय.” थंडीने झालं असेल, असं म्हणून त्याने हात हलवला.

डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली त्या सकाळी शुभांगी मळ्यात धावत आली आणि लांबूनच तिने हाक मारली. “आबाऽऽ!” चिमाजीच्या हातातलं फावडं पडलं. आवाज आला होता. भरून आला होता. खरखर गेली होती, आणि शेवटाला तो किंचित फाटून वर गेला होता.

डॉक्टरीणबाई खूश झाल्या. इरा म्हणाली, आवाज बदललाय, पण कसला भारी झालाय. शुभांगीने गाण्यात तिसरी हाक परत घातली. यशोधनने एकदाही कुरकूर केली नाही.

उन्हाळा लागायच्या आधी शहरात त्यांचा कार्यक्रम झाला. खंडेराव, सूनबाई, सरुबाईसुद्धा गेली. त्याच संध्याकाळी पाणी येणार होतं, म्हणून चिमाजी मळ्यात थांबला. इराने स्टेजवरून फोन लावून ठेवला होता, आबांना ऐकू यावं म्हणून. चिमाजी पालथ्या क्रेटवर बसून, फोन कानाशी धरून ऐकत होता. वाद्यं थांबली. नातीने हाक मारली. एकदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. आणि समोरून शेकडो माणसांनी ओ दिली. चिमाजी एकटाच हसला. डोळे पुसले. गाणं संपलं आणि फोन बंद झाला.

मळा शांत झाला. मशेरीचा वास आला.

कालव्यापलीकडून, प्लॉटच्या खुंटांमधून, शुभांगीचा जुना आवाज आला, खरखरीत, मायेने भरलेला.

“आलंऽऽ…”

चिमाजी उभा राहिला.

“आलंऽऽ…”

तो तिसरीची वाट बघत थांबला. तेवढ्यात तिकडूनच, त्या हाकेच्या शेजारी उभं राहून दिल्यासारखी, ओ आली. बारीक, कापरी, म्हाताऱ्या माणसाची.

“होऽऽ…”

चिमाजीने तोंड उघडलंच नव्हतं.