उद्घाटनाच्या आदल्या दुपारी

निवृत्त सिस्टरबाई वर्षभर गावाच्या हात धुऊन मागे लागल्या, तेव्हा कुठे बंद पडलेल्या शाळेत सहा खाटांचं ते घर उभं राहिलं. दवाखान्यांनी हात टेकलेल्या माणसांना शेवटचे दिवस एकट्याने काढावे लागू नयेत, एवढंच त्यांचं मागणं होतं. त्यांचे यजमान दवाखान्याच्या व्हरांड्यात वारले, तेही एकटेच. बाई तेव्हा वरच्या मजल्यावर ड्यूटीवर होत्या. ते शल्य काही केल्या निघत नव्हतं.

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी त्या चादरी घालायला आल्या. आभाळ भरून आलं होतं. बाहेर फाटकापाशी वायरमन शिडीवर चढून दिवा बसवत होता. आत ताज्या रंगाचा वास कोंडला होता.

शेवटची चादर खोचता खोचता त्या वासात दुसरा वास मिसळला. तापाचा, औषधांचा, कित्येक दिवस न बदललेल्या अंथरुणाचा. आणि पाठीमागून घरघर ऐकू आली. शेवटच्या तासाची घरघर. ती ओळखायला त्यांना वळून बघावं लागत नव्हतं.

"कोणी... आलं का?"

"आले," सवयीने त्यांच्या तोंडून गेलं.

त्या वळल्या. पहिली खाट रिकामी होती. चादरीवर सुरकुतीसुद्धा नव्हती. पण श्वास तिथूनच येत होता.

त्या पहिल्या खाटेपाशी जाऊन स्टुलावर टेकल्या, तोच कुणीतरी त्यांचा हात धरला. गार, हाडकुळी बोटं. मग त्यांनी चाळीस वर्षं केलं तेच केलं. दुसऱ्या हाताने अधांतरी चाचपून नाडी शोधली.

नाडी लागली.

"जाऊ नका..."

"नाही जात. बसलेय इथेच."

ठोके विरळ होत गेले, थांबले. पकड सुटली. त्या उठणार, तोच दुसऱ्या खाटेवर कुणीतरी खोकलं. मग तिसऱ्या.

"सिस्टर... इकडे..."

सहाव्या खाटेपर्यंत घरघर पसरली.

"अहो," बाईंनी दबक्या आवाजात यजमानांना हाक मारली. "तुम्ही आहात का... यांच्यात?"

सगळे श्वास एकदम थांबले, कान दिल्यासारखे. मग घरघर पुन्हा सुरू झाली.

"सिस्टरबाई!" बाहेरून वायरमन ओरडला. "उद्घाटन उद्या ना? मग ही माणसं आजच कशी आली?"

बाई धडपडत खिडकीशी गेल्या. अंगण रिकामं होतं. फाटकापासून दारापर्यंत नव्याने पसरलेल्या मातीवर बाईंच्या आणि वायरमनच्या चपलांखेरीज एकही ठसा नव्हता.

तो शिडीवरून उतरून दाराकडे निघाला होता. हत्यारांची पिशवी कुणाला लागू नये म्हणून छातीशी धरून, अंग चोरत, आडवा आडवा.

"जरा वाट द्या, मावशी," तो म्हणत होता. "ढकलू नका हो... सगळ्यांना घेतील आत."