ऐंशी यार्डांचं धनुष्य

माझा बाण शोधायला मी तिरंदाजीच्या मैदानाकडेच्या सेजच्या झुडपांत शिरले आणि हाती आला तो दुसऱ्याचाच. काळी काडी, पिवळी पिसं, आणि काडीवर पांढऱ्या शाईने लिहिलेलं – ‘हाही हरवणार.’

मी एकटीच हसले. मान वर केली तर समोर एक उंच, उन्हाने रापलेला माणूस उभा. उजवा हात जरा पोटाशी धरलेला, जसा दुखरा हात माणूस नकळत सांभाळतो.

“तो माझा आहे,” तो म्हणाला.

“पुरावा?”

“त्यावर लिहिलंय ना. बाण हरवण्याची एवढी खात्री या खोऱ्यात दुसऱ्या कुणाला नाही.”

त्याचं नाव हॉलिस क्रेन. बिटररूटच्या डोंगरात वणवा पेटला की तो विझवायला विमानातून धुरात उड्या मारणाऱ्यांपैकी तो एक. मागच्या उन्हाळ्यात उडी चुकली, झाडावर आदळला, खांदा निखळला. आता तो ऐंशी यार्डांवरून लाकडी एल्कवर, म्हणजे सांबराहून मोठ्या हरणाच्या पुतळ्यावर, बाण मारत होता आणि प्रत्येक बाण एल्कच्या पोटाखालून झुडपांत जात होता.

मी म्हटलं, एवढ्या लांबून कशाला, जवळ जा की. त्याने सांगितलं की शिकारीत खऱ्या एल्कच्या जवळ जायचं तर हातापायांवर रांगावं लागतं, आणि खांद्याला दोरी ओढणं जमतं पण रांगणं जमत नाही.

“मग दुकानात ये,” मी म्हटलं. “धनुष्य नीट लावून देते.”

धनुष्यबाणांचं दुकान माझ्या बेव्ह आत्याचं, पण दोऱ्या, चाकं, बाण हे सगळं माझ्याकडे. दुसऱ्याच दिवशी तो हजर झाला, हातात पीचची पेटी घेऊन. आत्याने आधी पेटीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, नुसती दोरी बदलायला कुणी फळं आणत नाही, ऑड्रा.

धनुष्य दाबपट्टीत चढवून मी त्याचा ताण उतरवला आणि जुनी दोरी काढली.

“ओढ किती ठेवू?”

“खांद्याची विचारतेस की…”

“खांद्याची.”

“मग थोडी कमी.”

आत्याला अचानक खोकला आला.

खरं तर तिथेच पेच होता. ओढ कमी केली की बाण लांबवर दमतो. बाण हलका केला तर तो झपकन जातो, पण एल्कच्या बरगडीत पुरेसा घुसत नाही. शेवटी मी मधली वाट काढली. काडी थोडी हलकी आणि ताठ, वजन टोकाकडे, पिसं छोटी, म्हणजे वारा धरणार नाही. धनुष्याच्या पुढे एक वजनदार दांडी लावली, हात डगमगू नये म्हणून. उतारावर उभं राहिलं की धनुष्य कलतं आणि बाण बाजूला जातो, म्हणून नेमाच्या सुईजवळची पाणसळ मी डोंगराच्या कलाला जुळवली. मग ताणलेल्या कागदातून बाण सोडून भोक गोल पडतंय का, ते पुन्हा पुन्हा पाहिलं.

दोरीतल्या ज्या छोट्या कडीतून नेम धरतात, तिची उंची ठरवायची राहिली होती.

“डोळे मिट,” मी म्हटलं. “ओढ. आता उघड. कडीतून काय दिसतंय?”

त्याने डोळे उघडले… आणि मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

“मी कडीत नाहीये, हॉलिस.”

“तोच तर त्रास आहे.”

माझे कान तापले. कडी मात्र मी बरोबर उंचीवर बांधली.

ऑगस्टच्या संध्याकाळी आम्ही मैदानावर असायचो. हळूहळू शिकारीचे, पात्यांचे बाणही साध्या बाणांशेजारी बसू लागले, आणि एक दिवस ऐंशी यार्डांवर त्याचे सगळे बाण माझ्या तळहाताखाली मावले. मी त्याला बजावलं – धनुष्य पोचतं, पण एल्क काही लाकडाचा नसतो. बाण पोचेपर्यंत त्याने एक पाऊल टाकलं, तर बाण पोटात बसेल आणि तो बिचारा कुठेतरी झुडपात तडफडत मरेल. हॉलिस म्हणाला, मग तू चल माझ्याबरोबर. तू म्हणशील तेव्हाच सोडेन.

मी गेले.

सप्टेंबरच्या थंडीत लार्चची झाडं पिवळी पडायला लागली होती. मी एल्कच्या मादीचा आवाज काढला आणि समोरच्या उतारावर एक नर निघाला. केवढा तो… हॉलिसने दोरी ओढली. पण नराची मान वर होती, दोन्ही कान आमच्याकडे.

“नको,” मी पुटपुटले.

त्याने दोरी हळूहळू सैल केली. नर कड्यापलीकडे गेला.

तंबूपाशी तो शेकोटीत लाकडं सारत बसला. मग म्हणाला की त्याचा राग माझ्यावर नाही. डॉक्टरांनी उड्या कायमच्या बंद केल्यात, वनखात्याने त्याला बॉइझी शहरातल्या कचेरीत खुर्ची दिलीय, आणि याच महिन्याच्या शेवटी त्याला जायचंय. हे त्याने एवढे दिवस सांगितलं नव्हतं. मी चहाचा पेला खाली ठेवला आणि झोपायला गेले. झोप काही आली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर वारा पूर्ण पडला. एक नर गवतात मान घालून निवांत चरत होता, आडवा उभा. अंतर पंचाहत्तर यार्ड. हॉलिसने दोरी ओढली, पाणसळीचा बुडबुडा मधोमध आणला.

“मार,” मी म्हटलं.

पिवळी पिसं हवेतून जाताना मला दिसली, इतका तो बाण लांबचा होता. खांद्यामागे, बरोबर जागी बसला. नर थोडं धावला आणि झाडांच्या कडेलाच कोसळला. आम्ही थांबलो, मग जवळ गेलो. हॉलिसने टोपी काढली, गुडघ्यावर बसून त्याच्या मानेवर हात ठेवला.

मांसाची पहिली खेप दोघांच्या पाठीवर घेऊन आम्ही ओढ्याशी आलो. तो थांबला.

“ऑड्रा, मी विचार करत होतो… ती नोकरी…”

“घे ती नोकरी.”

त्याचा चेहरा उतरला. “म्हणजे तुला काहीच…”

“पूर्ण ऐक. तू मला आवडतोस. खूप. पण माझ्यासाठी तू आत्याच्या दुकानात बाण मोजत बसलास, तर दोन महिन्यांत तुला मी नकोशी होईन. बॉइझीला रस्ता जातो आणि माझ्याकडे ट्रक आहे.”

“आणि बर्फ पडल्यावर?”

“मी मोंटानात वाढलेय. बर्फाची भीती कुणाला घालतोस?”

तो हसला. मला जवळ घ्यायला पुढे झाला आणि आमच्या पाठीवरच्या ओझ्यांनी दोघेही कलंडलो. कसेबसे एकमेकांना धरून सावरलो. त्याचा श्वास माझ्या कपाळावर लागत होता.

“ओझी उतरवली ना,” तो म्हणाला, “तर पुन्हा चढवताना माझा खांदा बोंब मारेल.”

“उतरव,” मी म्हटलं.