पान्हा

भिवंडीजवळ मानकोलीच्या गोदामांमागे, डोंगराचा पायथा जिथे अजून सपाट झालेला नव्हता, तिथे पत्र्याच्या एका शेडमध्ये जखमी वन्यप्राण्यांवर उपचार व्हायचे. मांज्याने पंख कापलेल्या घारी, गोणीत भरून आणलेले अजगर, कुत्र्यांनी फाडलेला एखादा कोल्हा. डॉक्टर सुकन्या सकाळी आली की आधी सगळ्यांची पाण्याची भांडी बघायची, मग हात धुऊन चहा ठेवायची. त्या सकाळी चहाला उकळी येत होती आणि वनखात्यातला नवशा दारात येऊन उभा राहिला. अंगातला स्वेटर काढून त्यात काहीतरी गुंडाळून त्याने छातीशी धरलं होतं.

"मादी मेली, बाय. हमरस्त्यावर, कंटेनरखाली. ह्ये तिच्या पोटाला चिकटून व्हतं."

बिबट्याचं पिल्लू. डोळे अजून निळसर होते.

मादीचं शवविच्छेदन सुकन्यानेच केलं. सडांत दूध होतं. सुरी लागताच ते तिच्या हातमोज्यांवर ओघळलं आणि तिचा हात थांबला. असं तिचं कधी होत नसे.

पावसाळ्यात तिची धाकटी बहीण गेली होती. दिपालीला जंगलाचं वेड. भिवंडीतली माणसं जमवून ती त्यांना ताडोब्याला सफारीला न्यायची. तिथेच जिप्सी चालवणाऱ्या भावेशशी तिचं लग्न जमलं. मुलगी झाली, रक्त थांबेना, आणि बाळाला एकदाही छातीशी न घेता दिपाली गेली. भावेशला मुलीचं तोंड बघवेना. तो पुन्हा जंगलात निघून गेला, आणि उन्नती सुकन्याकडे आणि तिच्या आईकडे राहिली. बाटली तोंडाला लावली की ती मान फिरवायची, रडून रडून निळी पडायची. सुकन्या तिला खांद्यावर घेऊन खोलीभर चालायची. बाहेर यंत्रमागांची खटखट चालूच असायची.

मादीला नियमाप्रमाणे जाळलं. राख होईपर्यंत सुकन्या तिथे उभी होती.

पिल्लूही बाटली घेईना. रबराचं बूच, ड्रॉपर, बोट बुडवून चाटवणं, सगळं झालं. ते फक्त दाराकडे बघून बारीक आवाजात ओरडायचं. हे जगायचं नाही, असं तिने मनाशी धरलं. आणि एका सकाळी काट्यावर ठेवलं तर वजन वाढलेलं.

तिने काटा तपासला. काटा बरोबर होता. पिल्लाचं पोट टम्म होतं, मिशांना दूध लागलेलं होतं, आणि मानेवरचे केस ओले, एकाच दिशेने बसलेले, खरखरीत जिभेने चाटल्यासारखे.

"नवशा, रात्री कुणी पाजलं याला?"

"किल्ली तुमच्याकडं हाय, बाय."

किल्ली तिच्याकडेच होती. एखादी मांजर शिरत असेल, ती म्हणाली. पत्र्याच्या फटी तिने स्वतः बुजवल्या आणि पिंजऱ्यासमोर कॅमेरा लावला.

त्या संध्याकाळी ती घरी गेली तेव्हा उन्नती गाढ झोपली होती. सुकन्याची आई, कमळ, भाकऱ्या थापत होती. मोतीबिंदूमुळे तिला हल्ली चेहऱ्यांपेक्षा आवाजच जास्त ओळखू यायचे.

"आज रडली न्हाय गो पोर. बाटली बी तशीच हाय."

सुकन्याने बाळाचं पोट चाचपलं. उपाशी वाटत नव्हतं. ती इतकी दमली होती की तिला फक्त बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने कॅमेऱ्यातलं चित्रण पाहिलं. मांजर नव्हती. पिल्लू झोपेतून उठलं, कान टवकारले, आणि पिंजऱ्याच्या रिकाम्या कोपऱ्याकडे धावत गेलं. तिथे कुशीवर पडून ते हवेत पुढचे पंजे दाबू लागलं. एक, मग दुसरा. पान्हा फुटावा म्हणून पिल्लं आईच्या पोटावर दाबतात तसे. त्याचा गळा गिळताना हलत होता. मग त्याची मान आपोआप एका बाजूला कलली, अंगावरचे केस सपाट होत गेले, पुन्हा पुन्हा.

तिने नवशाला बोलावलं. त्याने पाहिलं आणि टोपी काढली.

"ती गेलीच न्हाय, बाय."

"मी जाळलंय तिला."

"व्हय. मी बी व्हतो."

शेडच्या पत्र्यावर ऊन तडतडत होतं.

मग वरून आदेश आला. हाताळलेलं पिल्लू जंगलात सोडता येत नाही, त्याला सफारी पार्कात पाठवा. तिथे त्याला ऊब मिळेल, मांस मिळेल, जाळीच्या बसमधून मुलं त्याला बघतील. सुकन्याला हे सगळं पटत होतं. अशीच किती पिल्लं तिने स्वतः पाठवली होती. जगणं महत्त्वाचं, असं ती नेहमी म्हणायची.

निघायच्या दिवशी ट्रॅफिकने नाका तुंबला म्हणून नवशाने पिकअप डोंगराकडच्या जुन्या रस्त्यावर घातली. सूर्य गोदामांच्या छपरांमागे उतरत होता. एका नव्या गोदामासाठी तिथे मुरमाचा भराव टाकला होता आणि टँकरने त्यावर नुकतंच पाणी मारलं होतं. भराव लांबवर गुळगुळीत, ओला, तांबडा.

मागे पेटीत पिल्लू ओरडायला लागलं.

डोंगरावरून कुणीतरी उत्तर दिलं. खोल, घोगरं, हळू. मादी पिल्लाला हाक मारते तसं.

नवशाने गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. हाक पुन्हा आली, आता जवळून.

सुकन्या उतरली. पेटीच्या कडीवर तिने हात ठेवला. एवढंसं पिल्लू उघड्यावर एक रात्र टिकणार नाही, हे तिला नीट ठाऊक होतं. तिला दिपालीचा हात आठवला. बाळ दाखवायला आणलं तेव्हा तो चादरीतून निघाला होता आणि मध्येच पडला होता.

"बाय," नवशा म्हणाला.

तिने कडी काढली.

पिल्लू खाली उतरलं, अडखळलं, आणि भरावावरून तुरुतुरु निघालं. मधोमध जाऊन ते थांबलं. त्याने मान वर केली. तेवढ्यात वळणावरून एक ट्रक आला, त्याच्या दिव्यांचा झोत दोघांच्या डोळ्यांवर पडला. झोत सरला तेव्हा भराव रिकामा होता.

ती पावलांच्या मागाने चालत गेली. ओल्या मुरमात पिल्लाचे ठसे छापल्यासारखे उमटले होते. भरावाच्या मध्यावर ते संपले.

पुढे काही नव्हतं. बाजूलाही नव्हतं. दुसरे कसलेच ठसे नव्हते. फक्त शेवटच्या जोडीत मागचे पंजे थोडे घसरले होते, मानगूट धरून उचलल्यासारखे.

"नेलं," नवशा म्हणाला. "तिचं तिनं नेलं."

सुकन्या रडली. पावसाळ्यापासून रडली नव्हती तेवढी रडली, आणि तिला हलकं वाटलं. कुठलीतरी आई आपल्या लेकरापाशी पोचली होती. धामणकर नाक्यावर नवशाने तिला सोडलं, तिथून गल्लीत वळेपर्यंत ते हलकेपण तिच्यासोबत होतं.

मग तिला नवशाचे शब्द पुन्हा ऐकू आले, तिचं तिनं नेलं, आणि ती धावू लागली.

दारात आई उभी होती. सुकन्याने हाक मारली, तशी तिचा आवाज ऐकून आई गोंधळली.

"तू कवा भायेर गेलीस? आत्ता तं आत पोरीला पाजत व्हतीस. मी हाक मारली, तू बोलली न्हायस."

सुकन्याने दाराला आतून कडी घातली. खिडक्या लावल्या. बाटली ओट्यावर भरलेली होती. आतल्या खोलीत उन्नती जागी होती, आणि रिकाम्या भिंतीकडे बघून हसत होती. तिच्या ओठांच्या कडेला दूध होतं.

"दिपे," सुकन्या भिंतीला म्हणाली. "पाज तिला. रोज ये. पण नेऊ नकोस गं."

मग तिने बाळाला उचललं. दुपट्यात ती घट्ट गुंडाळलेली होती. डोक्याला टोपडं बांधलेलं होतं, पायांत मोजे होते. बाहेर न्यायच्या बाळाला करतात तशी सगळी तयारी. आणि गालावर काजळाची तीट, अजून ओली.