बारावा जॉइंट

पाण्याची गळती बोटांनी शोधायची असते, डोळे फसतात. पप्पांनी शिकवलंय, आणि अख्ख्या नववी ‘ब’मध्ये हे फक्त मला येतं.

२००३चा मे महिना, भर दुपार. यशोदाबाईंची गाडी आमच्या अंबडच्या शेडमध्ये परत आली होती. यशोदाबाई म्हणजे रिटायर्ड हेडमास्तरीण. त्यांनी जुनी मिनीबस घेऊन तिचं चक्क घर करून घेतलं होतं. आत पलंग, ओटा, सिंक, संडाससुद्धा! पाईपलाईन सगळी पप्पांची. आणि आता पलंगाखालून पाणी येऊन गाद्या भिजत होत्या.

“धनराज, संध्याकाळी मी निघणार,” त्या म्हणाल्या. “जमत नसेल तर स्पष्ट सांग.”

पप्पांचा चेहरा एवढासा झाला. अख्खी शेड ऐकत होती.

लाईन फरशीखालच्या पोकळीतून गेलेली. पलंगाखालची फळी काढायची आणि पोटावर सरपटत इंजिनाकडे जायचं. लाईन टाकताना फरशी उघडी होती. आता पप्पा तिथे मावत नव्हते.

“मी जाते.”

“मोहिनी, आत वळता येत नाही. गणिताचा पेपर नाहीये हा.”

“मग तुमचं पोट घेऊन तुम्हीच जा ना!”

शेड हसली. यशोदाबाईंनी मात्र मला वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं. “मुलगीच बरी,” त्या म्हणाल्या. “खांदे अडकत नाहीत.”

पप्पांनी पाना हातात दिला. “अकरा जॉइंट आहेत. मोजत जा. शेवटचा झाला की उलटी सरकत ये.”

आत गंज, ओलं प्लायवूड आणि रबराचा वास होता. बॅटरी दातांत धरली. पंप घुमत होता. पहिल्या जॉइंटला बोट लावलं, ओलं. पाना फिरवला, कोरडं! लगेच पुढचा ठिबकायला लागला. त्यात काही विशेष नाही; एक घट्ट केला की जोर पुढच्यावर येतो.

“झालं का गं?”

“सहा झाले! बाईंना म्हणावं, चहा मागवा!”

अकरावा कोरडा झाला. आता बाहेर जाऊन काय ऐट मारायची, ते ठरवतच होते, तेवढ्यात पुढे आवाज आला. टप.

बारावा जॉइंट.

पप्पांची मोजणी चुकली! मला केवढा आनंद झाला. आता आठवडाभर चिडवायचं. तेरावा. चौदावा. अठराव्याला मात्र मी हिशेब केला. दोन जॉइंटमध्ये दीड पाना अंतर, पाना एक फुटाचा. म्हणजे मी सत्तावीस फूट आत आले होते.

गाडी वीस फुटांची होती.

“पप्पा!”

आवाज कापसात गेल्यासारखा विरला. डोक्यावरचा पत्रा गार होता. मे महिन्यात, भर दुपारी.

मी मागे सरकले. जेमतेम एक वीत. टाचांना लाकूड लागलं.

फळी.

बाहेरून पप्पांचा आवाज अगदी स्पष्ट आला. “झालं का गं?”

“झालं, पप्पा!”

मी तोंड उघडलं नव्हतं.

“शाब्बास! हात किती गार पडलेत तुझे.”

“आत गारच आहे.” आवाज माझा. हसणंही माझंच.

मी पाना पाईपवर आपटला. आपटत राहिले.

“धनराज, आता हे काय वाजतंय?” यशोदाबाईंनी विचारलं.

“लाईनमध्ये हवा राहते, बाई. आपोआप निघून जाईल.”

“जाते ती,” माझा आवाज म्हणाला. “चला पप्पा, भूक लागली.”

फळीचे स्क्रू आवळले गेले. एक, दोन, तीन, चार. मग इंजिन सुरू झालं. पुढे, खूप लांब कुठेतरी.

मी ओरडले, रडले. बॅटरी पिवळी होत विझली. गाडी वळणं घेत राहिली आणि पुढचा जॉइंट ठिबकत राहिला. शेवटी मी तो घट्ट केला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

किती झाले, आता मोजत नाही.

मघाशी पुढे अंधारात कुणाचा तरी पाना फिरायचा थांबला. मग एका मुलीचा आवाज आला, पुढच्या बाकावरून विचारावं तसा, हळू.

“ए, तुझ्या मागून कुणी येतंय का गं?”