पानाच्या कडेचा हिरवा डाग

"पेन आत ठेवा. इथे फक्त पेन्सिल चालते."

हस्तलिखितांच्या वाचनालयात तो माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मान वर केली तर दुरुस्ती विभागातला उंच माणूस उभा, जुनी फाटकी पानं सांधणारा. माझ्याकडे पेन्सिल नव्हती. त्याने कानावरची काढून पुढे ठेवली, तेव्हा दिसलं, त्याच्या डाव्या तळव्याची कड शिशाने काळी चकचकीत झाली होती... त्या हाताकडे मी उगाचच जरा जास्त वेळ बघत राहिले.

हाताला कायम पानं चिकटवायच्या खळीचा वास, म्हणून मैत्रिणींनी त्याचं नाव 'खळकर' ठेवलं.

मी तेव्हा पाचशे वर्षांपूर्वीच्या एका चित्रकार कुटुंबावर प्रबंध लिहीत होते. बाप, मुलगा, मुलगी. पोथ्यांमधल्या त्यांच्या चित्रांवर कुणाचीच सही नव्हती. झाडाची पानं, बोटांची नखं बघून कुठलं चित्र कुणाचं ते ठरवायचं. बापाचा हात ओळखू यायचा, मुलाचाही. उरलेल्या बारा चित्रांतल्या रेघा उलट्या झुकलेल्या. ती मी बापाच्या म्हातारपणावर ढकलून मोकळी झाले होते. मुलीबद्दल जुन्या यादीत दोनच शब्द होते : 'रंग वाटणारी'.

दुपारी खिडकीतून तिरपं ऊन यायचं, तेव्हा पोथी ठेवायला तोच यायचा. एकदा म्हणाला, "माझी पेन्सिल परत द्यायची नाही वाटतं?"

"तुम्ही मागितली कुठे?"

"मागितली तर तुम्ही स्वतःची आणाल — मग मी काय विचारायचं?"

मी वहीत डोकं घातलं. त्या दिवशीची टिपणं आजही मला वाचता येत नाहीत.

प्रबंध द्यायला तीन आठवडे उरले होते. वेळेत दिला तर कॉलेजातली जागा माझीच, असं माझ्या मार्गदर्शक सरांनी सांगून ठेवलं होतं. आणि तेव्हाच हा दोन दिवस गप्प गप्प. तिसऱ्या दिवशी त्याने बारांपैकी एक पान उघडलं. चित्राच्या कडेला हिरवा रंग फरकटला होता. 'ओलीचा डाग' अशी माझीच नोंद.

"ही ओल नाही," तो म्हणाला. पानाला न टेकवता त्याने आपला डावा हात चित्रावर धरला. तळव्याची कड बरोब्बर त्या हिरव्यावर आली. "हात पुढे सरकतो, मागचा ओला रंग घासत नेतो. माझं रोजचं आहे. रेघाही म्हणूनच उलट्या. डावखुरं कुणीतरी आहे हे."

मला राग आला. खरं सांगायचं तर भीती वाटली. म्हणाले, "तुमचं काम पानं सांधायचं. माझा प्रबंध उसवायचं नाही."

तो पोथी मिटून निघून गेला. चार दिवस दुसऱ्याच कुणीतरी पोथी आणून दिली. पाचव्या दिवशी मी ते चित्र काढलं, ज्यात सगळं कुटुंब कामाला बसलंय. शंभरदा पाहिलेलं. बाप आणि मुलाच्या उजव्या हातात कुंचला. कोपऱ्यात मुलगी रंग वाटतेय... बत्ता डाव्या हातात.

पाचशे वर्षं ती तिथे बसली होती, आणि मी तिला ओल म्हणून मोकळी झाले होते.

ती बारा चित्रं मुलीच्या नावे करून प्रबंध पुन्हा लिहिला, तो सहा महिने लांबला. जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. घरी आई महिनाभर धड बोलली नाही.

प्रबंध दिल्यावर त्याच संध्याकाळी दुरुस्तीच्या खोलीत गेले आणि पेन्सिल त्याच्या टेबलावर ठेवली. बोटभर उरली होती.

"का सांगितलंत मला? गप्प बसला असतात, तर कुणाला कळलं नसतं."

तो खळीची वाटी झाकत राहिला. "कळलं नसतं. पण मग तुझ्याकडे नीट बघता आलं नसतं... रोज."

अहो-जाहो कुठल्या कुठे गेलं होतं.

"रोज बघायचंय?"

"हो."

त्या संध्याकाळला सात वर्षं झाली. काल आमची साडेतीन वर्षांची लेक खडू टाकून माझ्याकडे धावत आली. तिच्या तळव्याच्या कडेला हिरवट डाग. कुठे आपटली, काही चावलं का, डॉक्टरांना फोन... याने शांतपणे तिचा डावा हात धरला आणि शेजारी आपला ठेवला. त्याच्या कडेला शिसं, अजून तसंच काळं.

मी फडकं घेऊन तिच्या चित्रावरचा डाग पुसायला वळले. झाडाचा हिरवा रंग पार कागदाच्या कडेपर्यंत फरकटत गेला होता.

फडकं खाली ठेवलं, आणि तिला झाडाखाली तिचं नाव आणि तारीख घालून दिली. पेन्सिलीने.