पेइलानची फांदी

चित्रांना मागून कागदाचं अस्तर लावणं हा माझा धंदा. सूचौ शहरात कालव्याकाठी दुकान आहे. कागद, खळ आणि हवेतली ओल, एवढ्यावरच माझा विश्वास.

वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी माझ्या धाकट्या बहिणीनं, पेइलाननं, दरवर्षीसारखी शाईनं प्लमची फांदी काढली. फुलं सगळी कोरी. रोज एक पाकळी शाईनं भरायची. सगळ्या भरल्या की थंडी सरली. मन खुशीत असेल तर गडद, नाहीतर फिकी. तिचं मन तोंडापेक्षा त्या फांदीवरच जास्त कळायचं. यंदा तिची छाती धरली होती. वैद्य म्हणाले, थंडी निघाली तर पोरगी वाचली.

एका सकाळी उद्याची पाकळी आजच भरलेली दिसली.

"वसंताची घाई झालीये वाटतं!" मी चिडवलं.

"मी कुठे उठलेय अंथरुणातून? तूच भरली असशील."

मी हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवशी आणखी काही भरल्या. टोकाशी थरथरणारी रेघ तिचीच होती. शाई उगाळायचा दगड मात्र कोरडा ठणठणीत. कालव्याच्या पायऱ्यांवर बर्फ तसाच, इकडे पाकळ्या संपत चाललेल्या आणि पेइलान खंगत चाललेली. पाकळ्या संपल्या की तीही संपेल, असं वाटायला लागलं.

एकच पाकळी उरली तेव्हा मी शहाणपण गुंडाळून ठेवलं. तिच्या फांदीवर माझ्या हातानं एक कोरं फूल काढलं.

शेजारच्या शेनकाकू दारातूनच ओरडल्या, "अरे, ज्याची फांदी त्याचाच जीव उतरतो तिच्यात! दुसऱ्यानं हात घालू नये!"

"काकू, तुम्ही तुमचं लोणचं सांभाळा."

सकाळी पेइलान उठून बसली. वाटीभर पेज प्यायली. "आणखी वाढ ना, दादा." मला रडू आवरेना.

मग फांदीकडे पाहिलं. माझ्या फुलाची एक पाकळी भरली होती. जाड, ओली, डावीकडे दाबलेली. माझाच हात.

आणि तिची एक पाकळी पुन्हा कोरी झाली होती.

आता मला जिना चढवत नाही. खळीचा ब्रश हातातून निसटतो. माझ्या फुलाची एकच पाकळी पांढरी उरलीय.

पेइलान अंगणात रजया झटकून आत आली. गाल लाल. फांदीकडे बराच वेळ बघत राहिली.

"तुझं फूल छान उतरलंय."

तिनं पाणी टाकून शाई उगाळली. माझ्या बोटांत कुंचला दिला, बोटं मिटवली.

"आणखी एक काढ, दादा. थंडी अजून बरीच आहे."